ग्याल्प नदीत उभी राहिली तेव्हा

आइसलंडमध्ये, स्काफ्ताफेल्लजवळ, रस्त्याच्या कडेला, काळ्या वाळूत पोलादाच्या दोन तुळया ठेवल्या आहेत. पर्यटकांच्या गाड्या तिथं थांबतात, लोक फोटो काढतात आणि पुढच्या हिमनदीकडे निघून जातात. मी थांबले ती निघायचं विसरूनच गेले. तुळईला हात लावला. सप्टेंबरचं स्वच्छ ऊन होतं, तरी लोखंड गारठलेलं. गंजाची पूड बोटांना लागली, आमच्या महाडच्या घरातल्या खिडकीच्या गजांची लागायची तशीच. तुळईच्या कडेवरून बोट फिरवत गेले. कड सरळ जाते, जाते आणि एकदम वळते. तिथं पोलादाला असा पीळ पडला आहे, की कुणी धुणं पिळता पिळता अर्ध्यात टाकून उठून गेलंय असं वाटावं.

हा एका पुलाचा उरलेला तुकडा. गिग्युक्विस्ल नदीवरचा पूल, ३७६ मीटर लांब. ५ नोव्हेंबर १९९६ ला तो वाहून गेला. पूल वाहून गेला, एवढं वाक्य महाडच्या माणसाला नुसतं ऐकून सोडता येत नाही. त्याच्याकडे मी येतेच. पण आधी ज्या बाईनं हा पूल नेला तिच्याबद्दल सांगते. तिचं नाव ग्याल्प.

वात्नायोकुल ही आइसलंडची सगळ्यात मोठी हिमचादर, आकारानं जवळपास आपल्या रत्नागिरी जिल्ह्याएवढी. तिच्या पोटाखाली एक नाही, अनेक ज्वालामुखी आहेत. बार्दारबुंगा आणि ग्रीम्स्व्होत्न हे त्यांतले दोन दांडगे शेजारी. २९ सप्टेंबर १९९६ ला बार्दारबुंगात जोराचा भूकंप झाला आणि ३० तारखेच्या रात्री ह्या दोघांच्या मधल्या पट्ट्यात बर्फाखाली जमीन फाटली. वर ५५० ते ७५० मीटर जाडीचा बर्फ. दुसऱ्या दिवशी विमानातून पाहणाऱ्यांना धूर दिसला नाही, आग दिसली नाही. बर्फाच्या सपाट पाठीवर गोल खळगे तेवढे पडले होते. आइसलंडी भाषेत अशा खळग्याला ‘सिगकेतिल’ म्हणतात. खचलेली कढई. खालून आच लागली होती आणि वरचं खचत चाललं होतं. साधारण तीस तासांनी बर्फ भेदून राखेचा काळा फवारा आभाळात गेला.

मला त्या तीस तासांचं फार नवल वाटतं. वर सगळं पांढरं, निश्चल. खाली बाराशे अंशांच्या आसपासचा लाव्हा थेट बर्फगार पाण्यात शिरतोय. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारला की कसा चर्र आवाज होतो, पाणी कसं उडतं, ते आपण रोज पाहतो. इथं उडतो तो दगडच. लाव्हाला निवांत थिजायला वेळ मिळत नाही, तो थंड पाण्यानं तडकतो, त्याचा काचेसारखा चुरा होतो आणि पुढं तोच चुरा घट्ट होऊन तपकिरी खडक बनतो. ह्या खडकाला ते ‘मोबेर्ग’ म्हणतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचं हे सख्खं भावंड. रसायन जवळजवळ तेच. एकाला उघडं आभाळ मिळालं, दुसऱ्याला बर्फाचं छप्पर. आइसलंडमध्ये माथा सपाट आणि कडे उभे असलेला एखादा एकटा डोंगर दिसला की समजावं, हा हिमयुगात बर्फाच्या पोटात जन्मला आणि डोकं बाहेर काढल्यावर वर मोकळ्या हवेत लाव्हाची टोपी चढवून बसला. हेर्दुब्रेइद हा असला सगळ्यात देखणा डोंगर. आइसलंडी लोक त्याला डोंगरांची राणी म्हणतात.

१३ ऑक्टोबरला उद्रेक थांबला. तोवर सुमारे तीन घन किलोमीटर बर्फ वितळला होता. ते पाणी बाहेर आलं नाही. बर्फाखालून सरकत सरकत ते शेजारच्या ग्रीम्स्व्होत्नच्या तळ्यात जमत राहिलं. ज्वालामुखीचा माथा खचून झालेली प्रचंड काहील, तिच्यात साचलेलं पाणी आणि वर बर्फाचं झाकण, असं ते तळं. आपल्याकडे गुऱ्हाळावर काहील कशी उतू जाते हे ज्यानं पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. फरक एवढाच, की इथं काठाचा बांधही बर्फाचाच होता आणि बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो. पाणी पुरेसं चढलं की बांध फुटत नाही, तो उचलला जातो. पाच आठवडे पाणी चढत होतं आणि सगळा देश वाट पाहत होता. ४ नोव्हेंबरच्या रात्री बांध उचलला गेला. पन्नासएक किलोमीटर बर्फाखालून वाट काढत पाणी ५ तारखेच्या सकाळी स्केइदारारसांदुरच्या काळ्या वाळवंटात बाहेर पडलं.

त्या रात्री प्रवाह सेकंदाला ४५ ते ५० हजार घनमीटरवर गेला. आपल्या सवयीच्या मापात सोळा-सतरा लाख क्युसेक. कोयनेतून लाखभर क्युसेक सुटले की सांगलीत लोकांचा डोळ्याला डोळा लागत नाही. दोन दिवसांत जे पाणी वाहून गेलं ते कोयनेच्या शिवसागराच्या १०५ टीएमसीपेक्षा जास्त होतं. घरांएवढे हिमखंड त्यात वाहत होते. पुलाला नुसत्या पाण्यानं मोडलं नाही, बर्फाच्या ह्या धडकांनी मोडलं. पाणी ओसरल्यावर ते हिमखंड वाळूत रुतून राहिले आणि वितळल्यावर मागं खळगे राहिले.

अशा पुराला आइसलंडी शब्द आहे ‘योकुल्हलौप’. जगभरचे भूशास्त्रज्ञ आता हाच शब्द वापरतात. योकुल म्हणजे हिमनदी, हलौप म्हणजे धाव. हिमनदी धावत सुटली.

आता नावाकडे येते. १९३८ मध्येही साधारण ह्याच जागी बर्फाखाली उद्रेक झाला होता, पण तो वर फुटलाच नाही. त्यानंतरही ती जागा अनामिक राहिली. १९९६ ला तिला नाव मिळालं ते ग्याल्प. ज्यांनी हे नाव निवडलं त्यांना आपल्या कथा पाठ होत्या, ह्यात शंका नाही.

कथा स्नोर्री स्तुर्लुसोन ह्या आइसलंडी लेखकानं तेराव्या शतकात लिहून ठेवली. त्याच्याही आधी, दहाव्या शतकाच्या अखेरीला, एइलिफ गोद्रूनार्सोन ह्या कवीनं ती एका भयंकर अवघड स्तुतिकाव्यात बांधली होती. लोकी हा उत्तरेकडच्या देवांतला कळीचा नारद, पण नारदापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचा. ससाण्याचं रूप घेऊन तो हिंडत असताना गेइरोद नावाच्या महाकायाच्या तावडीत सापडला. गेइरोदनं त्याला तीन महिने पेटीत कोंडून उपाशी ठेवलं आणि एक वचन घेऊन सोडलं, थॉरला हातोड्याशिवाय माझ्या घरी आणायचं. थॉर हा त्या देवांतला सगळ्यात बलवान, हातोडा हे त्याचं शस्त्र. तो निघाला. वाटेत तो ग्रीद नावाच्या बाईकडे मुक्कामाला राहिला. ही ग्रीदही महाकायांच्याच कुळातली. तिनं थॉरला गेइरोदचा खरा बेत सांगितला, बळ वाढवणारा कमरपट्टा दिला, लोखंडी हातमोजे दिले आणि आपली काठी दिली.

पुढं व्हिमुर नावाची मोठी नदी आडवी आली. थॉर कमरपट्टा आवळून, ग्रीदची काठी प्रवाहाच्या उतारबाजूला रोवत पाण्यात शिरला. मध्यावर येईतो पाणी खांद्यांवरून जायला लागलं. त्यानं वर पाहिलं. दरीच्या वरच्या तोंडाशी गेइरोदची मुलगी ग्याल्प दोन्ही काठांवर पाय ठेवून उभी होती आणि तिच्यामुळेच नदी फुगत होती.

स्नोर्री एवढंच सांगून थांबतो. अभ्यासकांपैकी काहींना वाटतं ते मूत्र, काहींना वाटतं मासिक रक्त. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला किळस आली नाही, आजी आठवली. पावसाळ्याच्या सुरुवातीला नदीला तांबडं, गढूळ पाणी आलं की आजी म्हणायची, आता काही दिवस नदीत आंघोळ नाही, नदी रजस्वला आहे. धर्मशास्त्रातही हा नियम आहे. लहानपणी मला ते नुसतं सोवळं-ओवळं वाटायचं. नंतर कळलं की पहिल्या पुरात नदीत उतरणं हा जिवावरचा खेळ आहे आणि लोकांना नदीपासून लांब ठेवायला ह्याहून पक्की भाषा त्या पिढीकडे नव्हती. दोन ठिकाणच्या माणसांनी, एकमेकांची काही खबर नसताना, फुगलेल्या नदीत बाईचं शरीर पाहिलं. आजीनं ते पाहून नदीला चार दिवस एकटं सोडलं. थॉरनं दगड उचलला.

दगड उचलून तो म्हणाला, ‘नदी अडवायची ती मुखाशी.’ आणि नेम धरून ग्याल्पला मारला. नेम चुकला नाही. त्या वाक्यात आइसलंडी शब्द आहे ‘ओस’. त्याचा रोजचा अर्थ नदीचं मुख, जिथं ती समुद्राला मिळते ते. थॉर मात्र तो उगमाच्या बाजूनं वापरतो. ही आजही आइसलंडमध्ये म्हण आहे. पाण्याच्या ओढीनं वाहत तो काठाशी आला, तिथल्या रोवनच्या झाडाला धरून वर चढला, म्हणून रोवनला थॉरचा तारणहार म्हणतात. तांबड्या फळांचे घोस लागणारं ते नाजूकसं झाड मी स्काफ्ताफेल्लच्या उतारावर पाहिलं. त्याला धरून एवढा मोठा देव वर आला, हे मला त्या कथेतलं सगळ्यात सुंदर चित्र वाटतं.

पण कथा तिथं संपत नाही. गेइरोदच्या घरी थॉरला बसायला एकच खुर्ची होती. तो बसला आणि खुर्ची वर वर जायला लागली, थेट छपराकडे. त्यानं ग्रीदची काठी वाशांना टेकवली आणि सगळं बळ लावून स्वतःला खाली रेटलं. मोठा कडकडाट झाला, पाठोपाठ किंकाळ्या. खुर्चीखाली ग्याल्प आणि तिची बहीण ग्रेइप होत्या. दोघींच्या पाठी मोडल्या. मग गेइरोदनं सांडशीत धरून लाल तापलेला लोखंडाचा गोळा थॉरवर फेकला, थॉरनं तो लोखंडी हातमोज्यांत झेलला आणि परत फेकला. गेइरोद खांबाआड लपला होता. गोळा खांबातून, गेइरोदमधून आणि भिंतीतून आरपार गेला.

ही कथा ज्वालामुखीचं रूपक आहे असं मी म्हणणार नाही. एइलिफ नॉर्वेच्या दरबारातला कवी होता आणि नॉर्वेच्या मुख्य भूमीवर ज्वालामुखी नाहीत. कथा समुद्र ओलांडून आली, भूमी इथली होती, आणि दोघींची गाठ कधीतरी पडली. पण ग्रीम्स्व्होत्नच्या काठावर, बर्फातून वर आलेल्या खडकावर, एक जीपीएस यंत्र बसवलेलं आहे. उद्रेकाच्या आधी काही वर्षं ते यंत्र हळूहळू वर उचललं जातं, सेंटिमीटर-सेंटिमीटरनं, कारण खाली मॅग्मा साठत असतो. उद्रेक झाला की धप्प खाली बसतं. २००४ ला तसं झालं, २०११ ला तसं झालं. हे वाचताना मला ती खुर्चीच दिसते. खाली दोन बहिणी पाठ लावून उभ्या आहेत.

आणि वरून दाबणारा जो आहे, तो बर्फ. त्याचं वजन हेही एक झाकणच आहे. हिमयुग संपलं आणि आइसलंडवरचा बर्फ भराभर वितळला, तेव्हा खालच्या खडकावरचा दाब कमी झाला, तो जास्त वितळायला लागला आणि उद्रेकांचं प्रमाण अनेक पटींनी वाढलं. आज पुन्हा बर्फ पातळ होतोय. ओक नावाच्या डोंगरावरची हिमनदी हिमनदी म्हणावी एवढी उरली नाही, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी डोंगर चढून जाऊन तिथं तिच्या नावाची पाटी बसवली, माणसाच्या कबरीवर बसवावी तशी. देशाच्या मध्यभागी जमीन आताच वर्षाला तीनएक सेंटिमीटरनं वर येते आहे. थॉरची खुर्ची हलकी होत चालली आहे.

राक्षसीण म्हटलं की आपल्याला पूतना आठवते, ताटका आठवते. ह्या उत्तरेकडच्या बायांना तो शब्द पुरता बसत नाही. त्या देवांच्या शत्रूही आहेत, बायकाही आहेत आणि आयाही. थॉरला काठी देणारी ग्रीद ही व्हीदार देवाची आई. थॉरच्याच मॅग्नी ह्या मुलाची आई यार्नसाक्सा, तीही महाकाया. २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुलच्या राखेनं युरोपची विमानं जमिनीवर बसवली, त्याच्या महिनाभर आधी शेजारच्या फिम्व्हर्दुहाल्स खिंडीत एक छोटा उद्रेक झाला होता. तिथल्या दोन नव्या विवरांना नावं दिली मॅग्नी आणि मोदी, थॉरचे दोन मुलगे. म्हणजे महाकायेचा मुलगा आता बर्फाच्या काठावर विवर होऊन बसला आहे. आइसलंडी भाषेत महाकायेला एक शब्द आहे आणि ज्वालामुखीच्या विवराला दुसरा. लिहिताना एका अक्षराचा फरक, बोलताना काहीच नाही. दोन्ही ‘गीगुर’. शब्दांच्या कुळात हे दोन वेगळे आहेत, तरी कानाला ते एकच ऐकू येतात आणि त्या देशात कानाला जे ऐकू येतं ते मला खोटं वाटत नाही.

हिर्रोक्किनही मला विसरता येत नाही. बाल्डर हा देव मेला तेव्हा त्याची चिता जहाजावर रचली होती आणि ते जहाज देवांना जागचं हलेना. मग योतुनहेइमहून, महाकायांच्या मुलखातून, हिर्रोक्किनला बोलावलं. तिच्या नावाचा अर्थ आगीनं सुरकुतलेली. ती लांडग्यावर बसून आली, लगाम म्हणून हातात साप. एकाच रेट्यात तिनं जहाज पाण्यात लोटलं आणि त्या रेट्यानं खालच्या ओंडक्यांतून ज्वाळा निघाल्या, सगळी भूमी हादरली. आभार मानायचे सोडून थॉर तिच्यावर हातोडा उगारून धावला. बाकीच्या देवांनी गयावया केली म्हणून ती त्या वेळी वाचली. पुढं एका कवीनं थॉरनं मारलेल्या बायांची यादी दिली आहे, त्यात तिचंही नाव आहे. कथा थॉरच्या बाजूनं सांगितल्या गेल्या. वाचताना माझा जीव मात्र त्या यादीत अडकतो.

कात्लाची गोष्ट वेगळी. ती महाकाया नव्हती, मठात काम करणारी बाई होती. आल्फ्ताव्हेर भागात ११६८ ला स्थापन झालेला एक मठ होता, तिथली ही कारभारीण. जादू जाणणारी, तापट. मठाधिपतीसुद्धा तिला वचकून असायचा. तिच्याकडे एक विजार होती. ती घातली की कितीही धावलं तरी दम लागत नसे. एकदा कात्ला आणि मठाधिपती बाहेरगावी गेले असताना बार्दी नावाच्या मेंढपाळाला मेंढ्या गोळा करायच्या होत्या. मेंढ्या लांब पांगलेल्या. त्यानं ती विजार घातली, सगळ्या मेंढ्या आणल्या आणि विजार जागच्या जागी ठेवली. कात्लाच्या ते लक्षात आलं. दाराजवळ दह्याच्या आंबवलेल्या निवळीचं मोठं पिंप असायचं. बर्फाळ मुलखात ही निवळी प्यायलाही लागायची आणि अन्न टिकवायलाही. तिनं बार्दीला त्या पिंपात बुडवलं. बार्दी कुठं गेला, कुणाला कळेना. हिवाळा सरत चालला, पिंपातली निवळी खाली खाली जायला लागली आणि लोकांना कात्ला स्वतःशीच पुटपुटताना ऐकू यायची, ‘आता बार्दीचा काठ दिसायला लागेल.’

मला ह्या ओळीपुढं काही सुचत नाही. रोज सकाळी पिंपातून एक भांडं निवळी काढली जाते आणि एक बाई पातळीकडे पाहते.

शेवटी तिनं ती विजार चढवली, मठातून निघाली, वायव्येला हिमनदीकडे धावत गेली आणि बर्फाच्या भेगेत उडी टाकली. थोड्याच वेळात तिथून पूर सुटला, मठाच्या दिशेनं. हलौप. धाव. मिरदाल्सयोकुल ह्या हिमचादरीखालचा तो ज्वालामुखी आज कात्ला म्हणून ओळखला जातो. नावात ‘केतिल’ आहे, कढई. १२ ऑक्टोबर १९१८ ला तिचा शेवटचा मोठा उद्रेक झाला. मेंढ्या गोळा करायचे दिवस होते. पुरानं एवढी वाळू समुद्रात लोटली, की किनाराच पुढं सरकला आणि आइसलंडच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक आता तिच्या नावानं ओळखलं जातं. तेव्हापासून शंभर वर्षांहून जास्त ती गप्प आहे, अधूनमधून छोटे पूर सोडते. २०११ च्या जुलैमध्ये अशाच एका पुरानं देशाभोवतीच्या रिंगरोडवरचा पूल नेला. पायथ्याच्या व्हीक गावातलं चर्च उंचावर आहे. कात्ला उठली तर सगळ्यांनी तिथं जमायचं, ह्याचा सराव गावकरी करतात. आणि कात्ला हे आइसलंडमध्ये मुलींचं आवडतं नाव आहे. लोक हौसेनं ठेवतात.

त्या तुळयांपाशी उभी असताना हे सगळं माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात सावित्री होती.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा, ब्रिटिशांच्या काळात दगडी कमानींनी बांधलेला पूल सावित्रीनं नेला. दोन एसटी आणि काही गाड्या अंधारात त्या रिकाम्या जागेत गेल्या. चाळीसएक माणसं. त्या रात्री पाऊस असा कोसळत होता, की आईनं फोनवर काय सांगितलं ते मला धड ऐकू येत नव्हतं. ती सारखी म्हणत होती, ‘पूल नाही गं. पूलच नाही.’ ज्या पुलावरून मी शाळेच्या सहली, लग्नाची वऱ्हाडं, गणपतीची गर्दी नेली-आणलेली पाहिली, तो पूल. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि पुढच्या जूनमध्ये खुला झाला. आता गाड्या भरधाव जातात. मी आजही तिथं आले की पाय आपोआप आखडतात.

स्केइदारारसांदुरवर ५ नोव्हेंबर १९९६ ला पूल गेला, पण माणूस एकही गेला नाही. हे मी तिथल्या फलकासमोर पुन्हा पुन्हा वाचलं. पाणी कुठं साठतंय हे ठाऊक होतं, ते चढताना मोजलं जात होतं, जमिनीची थरथर यंत्रांवर ऐकली जात होती. पाणी सुटलं तेव्हा पुलावर कुणी नव्हतं. हेइम्डाल नावाचा देवांचा राखणदार आहे. त्याला गवत वाढल्याचा आवाज ऐकू येतो, मेंढीच्या अंगावर लोकर वाढल्याचाही. धोका दिसला की तो शिंग फुंकतो. ह्या हेइम्डालला नऊ आया. एका जुन्या काव्यात त्या नवांची नावं आहेत आणि त्यातलं पहिलं नाव आहे ग्याल्प. दुसरं ग्रेइप. जिची पाठ थॉरनं मोडली, तीच राखणदाराची आई. ही माहिती मला त्या तुळयांजवळून परतल्यावर रात्री वाचताना मिळाली आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. सावित्रीच्या त्या पुलाजवळ त्या रात्री गवताचा आवाज ऐकणारं कुणी असतं तर, हा विचार मला सोडत नव्हता. अजूनही सोडत नाही.

आपल्या डोंगरांना भूशास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. हा ‘ट्रॅप’ स्कँडिनेव्हियातला आहे. स्वीडिश भाषेत ‘ट्रॅप्पा’ म्हणजे पायऱ्या. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक सांडले आणि सह्याद्रीला पायऱ्या पडल्या, त्यांना नाव मिळालं ते त्या उत्तरेकडच्या भाषेतून. मी स्केइदारारसांदुरची मूठभर वाळू हातात घेतली. काळी, खरखरीत, मधेच काचेसारखी चमकणारी. आमच्या घरच्या पाट्याला नवी टाकी लावून घेतली की पहिल्या दिवशी असाच कचका निघायचा आणि आई पहिलं वाटण टाकून द्यायची.

दुसऱ्या दिवशी मी पूर्वेकडचा जुना लांब पूल पाहायला गेले. स्केइदारा नदीवरचा, ९०४ मीटरचा, एकेकाळी देशातला सगळ्यात लांब. १९७४ ला तो बांधला गेला आणि आइसलंडभोवतीचा रस्ता पहिल्यांदा जुळला. १९९६ च्या पुरानं त्याचाही तुकडा नेला होता, तो पुन्हा जोडला. आणि मग २००९ मध्ये नदीनंच वाट बदलली. हिमनदी मागं हटली, पाणी पश्चिमेला वळलं आणि गिग्युक्विस्लला जाऊन मिळालं. आता शेजारून छोट्या पुलावरून रस्ता जातो आणि हा एवढा लांब पूल वाळूवर उभा आहे. खाली पाणी नाही.

तिथून मी आईला व्हिडिओ कॉल लावला. महाडला संध्याकाळ झाली होती, मागं कुकरची शिट्टी वाजली. दर श्रावणात ती सावित्रीची ओटी भरते. पूल गेला त्या वर्षी श्रावण दुसऱ्याच दिवशी लागला होता. त्या वर्षीही तिनं ती भरली होती. काठापर्यंत जाऊ देत नव्हते, तर लांबून. मी तिला ग्याल्पची गोष्ट सांगितली, नदीत दोन काठांवर पाय ठेवून उभी राहिलेली, दगड लागलेली, पाठ मोडलेली. आई मधे काही बोलली नाही. मग मी तिला कोरडा पूल दाखवला.

‘मग बाई गेली कुठं?’ तिनं विचारलं.

‘पश्चिमेला. शेजारच्या नदीत.’

‘फिरव बरं फोन. बघू दे.’

मी फोन फिरवला. काळी वाळू, तिच्यावर वारा, आणि खूप लांब पाण्याची एक चकचकीत रेघ. आईनं फोन डोळ्यांजवळ नेला, आणि कुकरची दुसरी शिट्टी झाली तरी ती पाहत राहिली.